तिसऱ्या प्रिंटला कागद प्लेटला चिकटतो आणि टेक्स्चर उपटून येतं: कोलाग्राफवाल्यांसाठी

कोलाग्राफ म्हणजे पुठ्ठ्यावर वस्तू चिकटवून प्लेट करायची आणि तिच्यात शाई भरून ओलसर कागदावर छापायचं. त्यात हा प्रॉब्लेम ज्यांना आलाय त्यांना तो आवाजावरूनच कळतो. प्रेसमधून बेड, म्हणजे प्लेट ठेवायचा सरकता पाट, बाहेर येतो, कागदावर घातलेले लोकरीचे जाड फेल्ट मागं टाकायचे, कागदाचा कोपरा चिमटीत धरून हळू उचलायला घ्यायचा आणि अर्ध्यात आलं की चर्र असा बारीक आवाज येतो. तिथं हात थांबतो. पुढं ओढलं तर कागद फाटतो, नाही ओढलं तर तो तसाच वाळून पक्का बसतो. माझ्या सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या प्लेटला हे पहिल्यांदा झालं. तळ्याच्या बाजूनं बसून सकाळी केलेलं स्केच होतं, बुरुज आणि त्याच्या खालची काळ्या दगडाची भिंत, आणि ती भिंत मी माउंट बोर्डावर एकेक दगड वेगळा कापून, कुठं वरचा पापुद्रा सोलून, कुठं पॉलिश पेपर चिकटवून बनवली होती. चार दिवस गेले होते त्यात. पहिल्या दोन प्रिंट इतक्या छान आल्या की मी घरात सगळ्यांना बोलावून दाखवल्या, आणि तिसऱ्याला बुरुजाखालचे दोन दगड कागदाबरोबर उचकटून वर आले, प्लेटवर त्या जागी नुसता पांढरा कापूस राहिला.

एका उन्हाळ्यात अशा चार प्लेट गेल्या माझ्या. किल्ला, सिद्धेश्वर मंदिराकडं जायची वाट, हिप्परग्याचं तळं आणि एका जुन्या मिलची भिंत. दरवेळी पहिल्या दोन चांगल्या आणि तिसरी किंवा चौथी चिकटलेली. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, कारण आमच्या रविवारच्या स्केचिंगच्या ग्रुपमधल्या आणखी दोघींना पण अगदी हेच झालं आणि तिघींनी तीन वेगवेगळी कारणं धरली होती.

मी आधी प्रेसला दोष दिला. प्रेशर जास्त होतंय म्हणून स्क्रू सैल केले, तर प्रिंट फिकट आली आणि चिकटायची ती चिकटलीच. मग वाटलं शाई घट्ट आहे, म्हणून त्यात जवसाच्या तेलाचे दोन थेंब टाकले, तर शाई इतकी पातळ झाली की पुसताना खोलगट जागेतली पण निघून गेली आणि भिंतीच्या जागी नुसता राखाडी डाग आला. मग कागद बदलला. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची सोडून दोन दोन बदलत होते, त्यामुळं नेमकं काय चुकतंय ते कळायलाच मार्ग नव्हता. शेवटी एक दिवस बिघडलेल्या चारही प्लेट खिडकीपाशी ओळीनं मांडून नुसत्या बघत बसले, तेव्हा लक्षात आलं की चारहीत भानगड पाण्याची आहे. पाणी कुठून शिरतंय एवढंच प्रत्येक प्लेटमध्ये वेगळं होतं.

आणि यात सोलापूरचा वाटा मोठा आहे. कोलाग्राफला ओलसर कागद लागतो, ते सगळ्यांना माहितीय. पण आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर असतो, हवा खडखडीत कोरडी, वर पंखा चालू. ट्रेमधून काढून टिपलेला कागद तुम्ही प्लेट पुसून होईपर्यंत, म्हणजे पंधरा-वीस मिनिटांत, कडेनं वाळायला लागतो. मग आपण काय करतो, तर पुढच्या वेळी जास्त भिजवतो. टिपायचं कमी करतो. वरनं स्प्रे मारतो. म्हणजे वाळतोय म्हणून पाणी वाढवत जातो आणि ते सगळं पाणी प्रेसच्या दाबाखाली थेट प्लेटमधल्या गोंदात ढकललं जातं. पहिल्या दोन प्रिंटला गोंद तग धरतो, तिसऱ्याला तो ओला होऊन परत गोंदच झालेला असतो.

या पद्धतीच्या नावातच गोंद आहे. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलला शिकवणाऱ्या ग्लेन आल्प्सनी कोलाग्राफ हा शब्द रूढ केला, ग्रीकमध्ये कोला म्हणजे गोंद. पुठ्ठ्यावर वस्तू चिकटवायच्या, शाई भरायची, पुसायची, छापायचं. तांब्याजस्ताची प्लेट नको, ॲसिड नको, म्हणून आपल्यासारख्यांना घरी परवडतं. पण तांब्याला पाण्याचं काही होत नाही, पुठ्ठा आणि गोंद दोघांनाही होतं, हा फरक कामाला बसताना कायम डोक्यात ठेवायला लागतो.

तर चिकटलेली प्लेट आधी फेकू नका. कागद अडकला असेल तर त्याच्या मागून अगदी थोडं पाणी लावून बोटानं हळूहळू चोळून लगदा काढा, प्लेट दोन दिवस सावलीत सुकू द्या, आणि मग तिरप्या उजेडात धरून बघा की पांढरे तंतू नेमके कुठं राहिलेत. फक्त कडेनं असतील तर कडा सील झालेल्या नाहीत. जिथं दोरा, कापड, वाळू असं काही जाड चिकटवलंय तिथं असतील तर आतला गोंद वाळलेला नव्हता. सगळीकडं सारखी लव दिसत असेल तर कागद जास्त ओला होता किंवा कागदच कच्चा आहे. आणि फक्त जिथं शाई दाट होती तिथंच कागद ओढला गेला असेल तर ते शाईचं काम. माझ्या चारपैकी दोन प्लेटला गोंद, एकीला कडा आणि एकीला कागद निघाला.

गोंदाबद्दल जरा जास्त लिहिते, कारण बहुतेकांचं इथंच चुकतं. सुतारकामाचा पांढरा गोंद आपण वापरतो. तो आपल्या उन्हाळ्यात वरनं तासाभरात वाळतो आणि हाताला कोरडा लागतो, पण वर पातळ साय धरलेली असते आणि खाली तसाच ओला. दुधावर साय येते तसंच. हिप्परग्याच्या प्लेटमध्ये मी तळ्याकाठचं गवत दाखवायला यंत्रमागाच्या कारखान्यातून आणलेला सुताचा गुंता वापरला होता, सोलापुरात हा माल मागितला की मिळतो आणि त्यासारखं गवत दुसऱ्या कशानं होत नाही. पण सूत गोंद पितं. मी तो गुंता गोंदात बुडवून चिकटवला होता, दुसऱ्या दिवशी वर वॉर्निश मारलं आणि तिसऱ्या दिवशी छापायला घेतलं. नंतर बिघडलेल्या जागी सुईनं टोचून बघितलं तर आत अजून पांढरं दूध होतं, आठ दिवसांनी सुद्धा, कारण वरनं वॉर्निश लावून मी त्याचा बाहेर पडायचा रस्ताच बंद केला होता.

आता मी असं करते. गोंदात थोडं पाणी घालून पातळ करते आणि ब्रशनं पुठ्ठ्याला लावते, सूत कोरडंच त्यावर दाबते, तो थर पूर्ण पारदर्शक झाला की वरनं दुसरा पातळ हात. पांढरा गोंद वाळला की काचेसारखा होतो, जिथं दुधाळ दिसतंय तिथं ओल आहे, याहून सोपी परीक्षा नाही. सुकायला सावलीत, निदान दोन दिवस, दोऱ्याची किंवा कापडाची प्लेट असेल तर तीन-चार. उन्हात ठेवू नका, वरची साय आणखी लवकर धरते आणि पुठ्ठा वाकतो ते वेगळंच. वाळत आल्यावर वर प्लॅस्टिकचा कागद टाकून त्यावर जाड पुस्तकं ठेवली की प्लेट सपाट राहते. आणि सगळ्याची मिळून उंची दोन मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नका, त्याच्या पुढं कागद गोंद नसला तरी फाटतो.

सीलिंगला, म्हणजे प्लेटमध्ये पाणी शिरू नये म्हणून वर थर द्यायला, मी चपडी (लाख) वापरते, फर्निचरला पॉलिश करणारे वापरतात तीच. शंभर मिली स्पिरिटला साधारण पंचवीस ग्रॅम चपडी, काचेच्या बरणीत रात्रभर ठेवायची, मधूनमधून हलवायची आणि सकाळी मलमलीच्या फडक्यातून गाळून घ्यायची. गॅसपासून लांब, खिडक्या उघड्या ठेवून, स्पिरिट चटकन पेट घेतं. तीन पातळ हात द्यायचे, एक जाड नाही. जाड हातानं बारीक खाचा भरून जातात आणि मग सगळी मेहनत करून केलेलं टेक्स्चर प्रिंटमध्ये येतच नाही. प्रत्येक हातामध्ये अर्धा-पाऊण तास आणि शेवटच्या हातानंतर एक पूर्ण रात्र.

पण हे नुसतं पुढच्या बाजूला नाही. मागची बाजू आणि चारही कडा पण. कडा सगळ्यात महत्त्वाच्या आणि सगळ्यात जास्त विसरल्या जातात. छापताना कागद प्लेटपेक्षा मोठा असतो, प्रेशरखाली त्याची ओली मार्जिन प्लेटच्या कडेवर गच्च दुमडली जाते आणि कापलेल्या पुठ्ठ्याची कड म्हणजे उघडा स्पंजच, पाणी सरळ आत. मग पुठ्ठ्याचे थर सुटायला लागतात, कड फुगते, फुगलेली कड जास्त दाब घेते आणि तिथंच कागद कापला जातो. सिद्धेश्वरच्या प्लेटला हेच झालं होतं. आता मी कड आधी पॉलिश पेपरनं तिरपी घासते आणि मग कडेला एक हात जास्तीचा देते. मागची बाजू पण तेवढीच जपा, कारण मी बेड ओल्या फडक्यानं पुसून लगेच त्यावर प्लेट ठेवायची आणि ते पाणी मागून शिरतंय हे कित्येक दिवस मला कळलंच नव्हतं.

चपडीचा एक फायदा म्हणजे ती ओलीची चुगली करते. पाणी लागलं की तिच्यावर पांढुरकी झाक येते. प्रिंट काढून झाल्यावर प्लेट पुसून बघायची, कुठं अशी झाक दिसली तर त्या दिवसाचं काम तिथंच थांबवायचं, सुकवायचं, एक पातळ हात द्यायचा. हे मी न चुकता करायला लागल्यापासून अचानक प्लेट गेली असं झालेलं नाही.

आता कागद. मी पुण्याचा हातकागद वापरायचे, सुती, मऊ, दिसायला फार देखणा. पण त्यातले काही कागद अगदी कच्चे असतात, म्हणजे त्यांना सायझिंग केलेलं नसतं. ही गोष्ट मला कुठल्या क्लासमध्ये नाही कळली, शेजारच्या मामांमुळं कळली. ते पूर्वी सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावतात तिथं, कामाला होते. माझ्या हातात फाटलेली प्रिंट बघून त्यांनी तिचे तंतू बोटांमध्ये चोळले आणि म्हणाले, "याला खळ नाही ओ. खळ नसलेलं सूत मागावर घातलं तर फणीत असंच पिंजून निघतंय." खरंच तेच होतं. ताण्याला खळ लावतात ती सुताचे तंतू बसून राहावेत म्हणून, कागदाला सायझिंग करतात ते मुख्यतः त्यानं पाणी कमी प्यावं म्हणून, पण त्यानं तंतू पण बसून राहतात. सोलापुरात जन्म काढून खळ म्हणजे काय हे मला माहिती होतं, ते कागदाला जोडायचं मात्र सुचलं नव्हतं.

कागद पक्का की कच्चा ते बघायला कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब मोत्यासारखा दोन-तीन मिनिटं बसून राहिला तर कागद पक्का, पडल्या पडल्या पसरून आत गेला तर कच्चा. कच्चा असेल तर तो ट्रेमध्ये बुडवू नका. एक पक्का ओला कागद, त्यावर दोन कच्चे कोरडे, परत एक ओला, असं रचून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, तेवढ्या ओलीवर तो छापायला पुरतो. घरी मैद्याची किंवा साबुदाण्याची खळ करून कागदाला लावायचा विचार मामांचं ऐकून माझ्या पण मनात आला होता, एका कागदावर करून बघितलं, नका करू. ती खळ भिजली की स्वतःच गोंद होते आणि आहे त्यापेक्षा वाईट चिकटते.

पक्का कागद, दोनशे पन्नास ते तीनशे जीएसएमचा, आदल्या रात्री दहा-पंधरा मिनिटं ट्रेमध्ये ठेवायचा, निथळायचा, टॉवेलनं दोन्ही बाजूंनी टिपायचा, सगळे एकावर एक रचून प्लॅस्टिकमध्ये बंद करायचे आणि वर पाट ठेवून वजन. सकाळपर्यंत ओल सगळीकडं सारखी होते, आणि हे फार गरजेचं आहे, कारण चिकटायला सुरुवात होते ती कागदावर जिथं पाणी साठलेलं असतं त्या एका जागेपासून. लावायच्या आधी कागद खिडकीकडं तिरपा धरा, कुठंही चकाकी दिसायला नको. मग गालाला लावून बघा, गार लागला पाहिजे पण गाल ओला व्हायला नको. प्लॅस्टिकमधून एका वेळी एकच कागद काढायचा आणि तो पण प्लेट पुसून, बेडवर ठेवून, सगळं तयार झाल्यावर. पंखा बंद. मी आता उन्हाळ्यात सकाळी सहाला सुरू करते आणि साडेनऊला आवरते, त्याच्या पुढं छापायचंच नाही.

शाईचं आपल्याकडं उलटं होतं. थंड गावातले लोक शाई घट्ट होते म्हणून तेल घालायला सांगतात, ते वाचून आपण इथं पण घालतो. आपल्या उन्हाळ्यात शाई आधीच ढिली झालेली असते, तिला तेल नको, उलट चिमूटभर मॅग्नेशियम कार्बोनेटची पावडर घालून सुरीनं नीट घोटून घट्ट करायला लागते. शाईमुळं कागद ओढला जातो तो डिसेंबर-जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेच्या दिवसांत, सकाळच्या गारठ्यात. तेव्हा मात्र शाई चिवट होते, तेव्हा एखादा थेंब तेल चालतं. शाई पुसायचं टार्लटन, म्हणजे कडक जाळीदार कापड, इथं मिळत नाही म्हणून मी खळ घातलेली मलमल कोरडी कडक करून, हातानं चुरगाळून वापरते, काम होतं, फक्त ती ओल्या हातानं धरू नका.

प्लेट साफ करताना दोन चुका मी केल्यात त्या तुम्ही करू नका. एक, स्पिरिटनं पुसणं. चपडी स्पिरिटमध्येच विरघळलेली असते, म्हणजे तुम्ही स्वतःच्या हातानं सील काढून टाकताय, आणि पुढच्या प्रिंटला चिकटणारच. दुसरी, करडईचं तेल. घरात असतं म्हणून मी शाई काढायला तेच घेत होते, शाई निघते पण मस्त. पण करडईचं तेल हवेवर वाळतं, म्हणून तर ते ऑइल कलरमध्ये पण वापरतात. खाचांमध्ये राहिलेलं तेल आठ दिवसांत चिकट पापुद्रा धरतं, धूळ पकडतं आणि पुढच्या वेळी कागद त्यालाच चिकटतो. आता शेंगतेल घेते, जुन्या टूथब्रशनं खाचांतून फिरवते आणि मग कोरड्या फडक्यानं अगदी शेवटच्या थेंबापर्यंत टिपते. पाणी नाही, साबण नाही.

प्लेट ठेवायच्या तर एकावर एक नाही, मधे बटर पेपर घालून उभ्या, आणि पत्र्याच्या खोलीत तर अजिबात नाही. चपडी उष्णतेनं मऊ होते. माझ्या दोन प्लेट मे महिन्यात वरच्या पत्र्याच्या खोलीत समोरासमोर चिकटून बसल्या होत्या, सोडवताना दोन्हीचा चेहरा गेला.

फेल्टचं पण सांगते, एकीनं विचारलं होतं म्हणून. फेल्ट महाग पडतात तर सोलापुरी चादर घडी करून चालेल का? नाही चालत. जकार्डची वीण उठावाची असते, ती प्रेशरखाली कागदावर उमटते, माझ्या एका आकाशात मोराचा अर्धा पिसारा आलाय. शिवाय सुती कापड कागदातलं पाणी शोषून धरतं आणि पुढच्या कागदाला परत देतं. लोकरीचेच फेल्ट घ्या आणि दर तीन-चार प्रिंटनंतर वरचा फेल्ट बदलून वाळत टाका.

स्केच करताना पण या सगळ्याचा थोडा विचार आधीच केला तर पुढं त्रास वाचतो. मी आता जागेवर बसून शेडिंग कमी करते आणि स्पर्श लिहून घेते. किल्ल्याच्या भिंतीला हात लावायचा आणि स्केचच्या कडेला लिहायचं, इथं खरखरीत, इथं पाणी उतरून गुळगुळीत झालंय, इथं चुना निघालाय. खरखरीत जागा शाई धरते आणि काळी छापते, गुळगुळीत जागा पुसली जाते आणि पांढरी राहते, त्यामुळं त्या नोंदीवरून प्लेट थेट बनवता येते. आणि मुख्य म्हणजे कुठं पुठ्ठा नुसता सोलून भागतंय आणि कुठं खरंच काही चिकटवायला लागणार ते कळतं. जेवढं सोलून होईल तेवढं सोलूनच करा, सोललेल्या जागेत गोंद नसतो, ती चपडी नीट प्यायली की चिकटायचा प्रश्न उरत नाही. फक्त स्केच प्लेटवर घेताना ट्रेसिंग पेपर उलटा करायचं विसरू नका, नाहीतर छापल्यावर मंदिराकडं जायची वाट दुसऱ्याच बाजूला जाते आणि सोलापूरचा माणूस ते पहिल्या नजरेत ओळखतो.

सध्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानाची प्लेट चालू आहे. वरती सगळं मोकळं आकाश, म्हणजे नुसता चपडी मारलेला गुळगुळीत बोर्ड, आणि खाली एक बोटभर पट्टीत वाळकं गवत, तेच सूत, पण कोरडं चिकटवलेलं. आठ प्रिंट झाल्या, एकही चिकटली नाही. नववी उचलल्यावर उजव्या खालच्या कोपऱ्यात गवताच्या मुळाशी नखाएवढी पांढुरकी झाक दिसली, म्हणून तिथंच थांबवलंय. दोन दिवस सावलीत सुकवून एक हात मारते आणि रविवारी पुढच्या काढते.